खवल्या मांजराचा मुलूख

एखाद्या प्राण्याचा मुलूख कोणता, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं साधा वाटतो. जेथें तो प्राणी आढळतो तो त्याचा मुलूख. नकाशा पुढें ओढावा, त्यावर रंग भरावा, कीं काम झालें. परंतु खवल्या मांजराच्या बाबतींत हें काम दोन हजार वर्षांत नीटसें उरकलेलें नाहीं. आणि तें उरकण्यापूर्वींच तो प्राणी नाहींसा होतो कीं काय, अशी शंका येण्याजोगी आजची स्थिति आहे. ह्या प्राण्याच्या मुलुखाचें ज्ञान विद्वानांस रानांतून फारसें मिळालेंच नाहीं. तें मिळालें प्रवाशांच्या गोष्टींतून, धनिकांच्या अद्भुतवस्तुसंग्रहांतून, बाजारांतील कातड्यांवरून, आणि अलीकडे बंदरांतील जकातीच्या कोठारांतून. ह्या चमत्कारिक इतिहासाचे कांहीं टप्पे वाचकांपुढें मांडावे, असा आमचा विचार आहे.

खवल्या मांजर हें मांजर नव्हे, हें सांगावयास नकोच. त्याच्या अंगावर कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले खवले असतात, आणि ते ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचीं आपलीं नखेंही असतात. तोंडांत दांत नाहींत. लांबलचक चिकट जिभेनें मुंग्या व वाळवी टिपून तें पोट भरतें. दिवसा बिळांत किंवा झाडाच्या ढोलींत निजावें, रात्रीं वारुळें उकरीत हिंडावें, आणि संकट दिसतांच अंगाचें घट्ट वेटोळें करून पडून राहावें, असा त्याचा क्रम. हिंस्र श्वापदांपुढें हें वेटोळें बहुधा पुरतें. मनुष्यापुढें मात्र तेंच घातक ठरतें, कारण वेटोळें करून पडलेला प्राणी उचलून पोत्यांत घालण्यास कांहींच श्रम पडत नाहींत.

ज्या ज्या लोकांनीं हा प्राणी पाहिला, त्यांनीं त्यास आपल्या ओळखीच्या दुसऱ्या कोणा तरी प्राण्याचें नांव दिलें. आम्ही मराठी लोकांनीं त्याचें मांजर केलें. बंगाल्यांनीं त्यास 'बनरुई', म्हणजे रानांतला रोहू मासा, ठरविलें. गुजरातेंत त्याचा आहार पाहून 'कीडीखाऊ' असें सरळ नांव पडलें. मलायी भाषेंत अंगाचें वेटोळें करणाऱ्यास जो शब्द आहे, त्यावरून युरोपीयांचा 'पँगोलिन' झाला. सर्वांत भारदस्त नांव मात्र 'वज्रकीट' हें होय. हिंदींतील 'बजरकीट' त्यावरूनच आला. गंडकी नदींतील शालिग्रामांस जीं भोंकें असतात तीं वज्रकीटानें पाडलेलीं असतात, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. शालिग्राम हे पुराण्या समुद्रांतील शिंपल्याच्या प्राण्यांचे पाषाणीभूत अवशेष होत, त्यांशीं ह्या बिचाऱ्या मुंगीखाऊचा संबंध नाहीं. तथापि कठीण भूमि फोडणाऱ्या त्याच्या नख्या पाहून लोकांनीं तें नांव त्यास चिकटविलें असेल, तर त्यांत नवल नाहीं.

पाश्चात्त्य ग्रंथांत हा प्राणी प्रथम हिंदुस्थानचा म्हणूनच दाखल झाला. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील ईलियन ह्या ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या रोमन ग्रंथकारानें 'फॅट्टॅजेस' नांवाच्या एका हिंदी जनावराचें वर्णन केलें आहे. तें दिसण्यांत भूमीवरील सुसरीसारखें, आकारानें लहान कुत्र्याएवढें, आणि त्याचें कातडें इतकें खरखरीत कीं हिंदी लोक त्याचा उपयोग कांसें व लोखंड घासण्यास कानशीसारखा करतात, असें तो म्हणतो. हें वर्णन खवल्या मांजरास लागूं पडतें, ह्याविषयीं फारसा संशय नाहीं. पुढें अठराव्या शतकांत ब्यूफाँ ह्या फ्रेंच सृष्टिशास्त्रज्ञानें हा जुना शब्द उकरून काढला व लांब शेपटीच्या एका जातीस 'फाताजें' असें नांव दिलें. ती लांब शेपटीची जात आफ्रिकेची निघाली! आज आफ्रिकेंतील झाडांवर चढणाऱ्या दोन जातींच्या गणास 'फॅटॅजिनस' म्हणतात. नांव हिंदुस्थानचें, प्राणी कांगोच्या अरण्यांतला.

लिनियसच्या हातून घोटाळा ह्याच्या उलट दिशेनें झाला. १७५८ सालीं त्यानें 'मॅनिस पेंटाडॅक्टिला', म्हणजे पांच बोटांचा मॅनिस, असें शास्त्रीय नांव घातलें, आणि त्याचें ठिकाण फॉर्मोसा, म्हणजे आजचें तैवान, असें नोंदविलें. त्याच्या पुढें असलेली माहिती इतकी तोकडी होती कीं तें नांव कोणत्या देशांतील प्राण्यास लावावें, हें पुढील दीडशें वर्षें निश्चित झालें नाहीं. हिंदुस्थानांतील इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनीं तें आमच्याच खवल्या मांजरास लावून टाकलें. १८६७ सालच्या जर्डन ह्यांच्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथांत आमचें खवल्या मांजर ह्याच नांवानें आलें असून त्याच्या देशी नांवांत मराठी नांवही दिलेलें आहे. मराठी नांव बरोबर, शास्त्रीय नांव फॉर्मोसाच्या प्राण्याचें, असा तो मासला आहे. हिमालयाकडील जात कानाच्या ठळक पाळीमुळें निराळी दिसे. तिला ब्रायन हॉज्सन ह्यांनीं १८३६ सालीं 'मॅनिस ऑरिटा', म्हणजे कानवाला मॅनिस, असें म्हटलें होतें. विसाव्या शतकांत लिनियसचें नांव चीनकडील जातीस परत गेलें, हॉज्सनचें नांव तिच्यांतच विलीन झालें, आणि आमच्या प्राण्यास १८०३ सालीं जॉफ्र्वा ह्यांनीं दिलेलें 'मॅनिस क्रॅसिकॉडाटा', म्हणजे जाड शेपटीचा, हें नांव कायम झालें. हॉज्सनचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याची पुढें गरज लागणार आहे.

ह्या सगळ्या नामकरणाच्या धांदलींत प्रत्यक्ष रानांतील माहिती म्हणून जी एक नोंद आम्हांस फार मोलाची वाटते, ती आमच्या शेजारचीच आहे. पुढें सर झालेले वॉल्टर इलियट हे धारवाडाकडे कंपनी सरकारच्या नोकरींत होते. त्यांनीं दक्षिण मराठा मुलुखांतील सस्तन प्राण्यांची यादी करून १८३९ सालीं मद्रासेंतील एका नियतकालिकांत छापली. तींत खवल्या मांजराचें बीळ तिरकें जमिनींत उतरत आठ ते बारा फूट खोल जातें, त्याच्या शेवटीं सुमारें दोन फूट व्यासाची खोली असते, आणि जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत तेथें नरमादी एकदोन पिलांसह सांपडतात, असें सांगितलें आहे. आंत शिरल्यावर हा प्राणी बिळाचें तोंड मातीनें बुजवून घेतो. तेव्हां त्याची विशिष्ट प्रकारची माग ओळखतां आली नाहीं तर बीळ सांपडणें कठीण. इलियट ह्यांनीं एक मादी कांहीं दिवस पाळली होती. ती दिवसभर निजे व रात्रभर अस्वस्थ असे. पुढें टाकलेली वाळवी तिनें खाल्ली नाहीं, मुंग्याही खाल्ल्या नाहींत. पाणी मात्र ती जीभ इतक्या वेगानें आंतबाहेर करून पिई कीं भांड्यांतील पाण्यास फेस येई. मातीनें बुजलेलें बीळ मागेवरून हुडकणारा डोळा साहेबांचा नव्हे, कोणा तरी त्या भागांतल्या पारध्याचा असला पाहिजे, असें आमचें अनुमान आहे. पिंजऱ्यांत हा प्राणी जगत नाहीं, ही गोष्ट मात्र साहेबांनीं स्वतः पाहिली. आणि प्राणिसंग्रहालयांस ती पुढें अनेक पिढ्या खोटी करून दाखवितां आली नाहीं.

आतां प्रत्यक्ष भूगोलाकडे वळूं. दीर्घकाळ मान्य असलेल्या जाती आठ. त्यांपैकीं चार आशियांत व चार आफ्रिकेंत. आमच्या जातीचा मुलूख सिंध, बलुचिस्तान व पंजाबांतील पोठोहारचें पठार येथपासून सुरू होतो, उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत व नेपाळच्या तराईंत पोंचतो, पूर्वेस बंगालपर्यंत जातो, आणि दक्षिणेस सबंध द्वीपकल्प व्यापून सामुद्रधुनी ओलांडून श्रीलंकेंत उतरतो. श्रीलंकेंत दुसरी जात नाहीं. चिनी जातीचा मुलूख नेपाळ, भूतान व आमचा ईशान्य प्रदेश येथून निघून उत्तर ब्रह्मदेश, लाओस व उत्तर व्हिएटनाम ह्यांमधून दक्षिण चीन, हैनान व तैवान येथवर गेलेला आहे. नेपाळ व उत्तर बंगाल ह्या पट्ट्यांत दोन्ही मुलूख एकमेकांस भिडतात. तेथें सांपडलेला प्राणी कोणता, हें ठरविण्यास खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात. हिंदी जातीच्या पाठीवर अकरा ते तेरा ओळी असतात व खवले मोठे असतात. चिनी जातीच्या ओळी अधिक व कान ठळक. एखाद्या जुन्या नोंदींत नुसतें 'पँगोलिन' इतकेंच लिहिलेलें असेल, तर त्या पट्ट्यापुरती ती नोंद निरुपयोगी समजावी.

दक्षिणेकडील सुंदा जातीचा मुलूख समुद्राच्या इतिहासाखेरीज समजत नाहीं. ही जात दक्षिण ब्रह्मदेशापासून सयाम, कंबोडिया व मलाया ह्यांमधून सुमात्रा, जावा, बोर्निओ व बाली येथवर पसरलेली आहे. एवढ्या बेटांवर हा प्राणी पोहून गेला नाहीं. हिमयुगांत समुद्र खालीं गेला होता, आणि आज उथळ पाण्याखालीं असलेली भूमि उघडी पडून हीं सर्व बेटें आशियाच्या खंडास जोडलेलीं होतीं. बालीच्या पूर्वेस समुद्र खोल आहे. तेथें सेतू कधीं झाला नाहीं, म्हणून लोंबोक बेटांत हा प्राणी नाहीं व सुलावेसींतही नाहीं. वॉलेस ह्यांनीं दाखविलेली आशिया व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या प्राण्यांमधील सीमारेषा ती हीच. बोर्निओच्या ईशान्येस असलेलें पालावान बेट फिलिपाईन्सच्या राज्यांत मोडतें, पण त्याचे प्राणी बोर्निओच्या कुळांतले आहेत. तेथील खवल्या मांजरास देएलेरा ह्या स्पॅनिश धर्मगुरूनें १८९५ सालीं क्युलिऑन बेटावरून निराळें नांव दिलें. परंतु तें फार दिवस कोणीं मनावर घेतलें नाहीं, व तो प्राणी सुंदा जातींतच मोजला गेला. २००५ सालीं गोबेर व आंतूनेस ह्यांनीं कवट्या व खवले तपासून धर्मगुरूच बरोबर होता असा निर्णय दिला. पांच ते आठ लक्ष वर्षांपूर्वीं बोर्निओकडून पालावानकडे आलेला हा कळप पुढें समुद्र चढल्यावर एकटा पडला असावा. पालावान व त्याच्या आसपासचीं थोडीं बेटें, एवढाच ह्या जातीचा जगांतील मुलूख आहे.

आफ्रिकेविषयीं थोडक्यांत सांगतों. टेमिंक ह्यांच्या नांवाची जात चाडपासून पूर्व आफ्रिकेंतून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या कोरड्या गवताळ मुलुखांत राहते. बाकीच्या तीन जाती पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील अरण्यांच्या. टोगो व बेनिन ह्या भागांत अरण्याचा पट्टा तुटून गवताळ प्रदेश समुद्रापर्यंत आलेला आहे, त्यामुळें अरण्यवासी जातींचा मुलूखही मधें तुटतो. कांगो प्रदेशांतील लेले लोकांत ह्या प्राण्याचा एक पंथच होता, आणि मेरी डग्लस ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं १९५० नंतरच्या दशकांत तो सुशिक्षित जगास परिचित करून दिला. माशासारखे खवले असून झाडावर चढतो, आणि मनुष्याप्रमाणें एका वेळीं एकच पिलूं देतो, म्हणून लेले लोक त्यास इतर सर्व प्राण्यांहून वेगळा मानीत. लिनियसच्या अनुयायांपेक्षां त्यांनीं त्यास अधिक जवळून पाहिलें होतें, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

मुलूख आक्रसणें ही गोष्ट ह्या कुळास नवी नाहीं. जर्मनींतील मेसेल येथील सुमारें पावणेपांच कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत खवल्या मांजराचे अवशेष सांपडले असून १९७८ सालीं त्यास 'इओमॅनिस' असें नांव देण्यांत आलें. अमेरिकेंतही हें कुळ एके काळीं होतें. आमच्याकडे आंध्रांतील कर्नूलच्या गुहांत एका लुप्त जातीचा अवशेष मिळाला, व ती जात लिडेकर ह्यांच्या नांवानें ओळखली जाते. हवामान पालटलें, अरण्यें हटलीं, आणि लक्षावधि वर्षांत हें कुळ युरोप-अमेरिकेंतून मागें सरलें. पण जें लक्षावधि वर्षांत तेथें झालें, तें आशियांत शंभर वर्षांच्या आंत होतांना दिसत आहे, आणि त्याचें कारण हवामान नव्हे.

तें कारण व्यापार. चिनी वैद्यकांत ह्या खवल्यांस दूध उतरविणारें व सूज घालविणारें औषध मानीत. जावा बेटांतून १९२५ ते १९२९ ह्या काळांत कित्येक टन खवले बाहेर गेले. त्यावरून वर्षास दहा हजारांपर्यंत प्राणी मारले जात असावेत असा हिशेब निघतो. तैवानांत १९५० ते १९७० ह्या दशकांत चामड्यासाठीं वर्षाकांठीं सुमारें ६०,००० प्राणी मारले गेले असा अंदाज आहे. ज्या बेटावरून लिनियसनें ह्या प्राण्यास जगाच्या यादींत घातलें, तेंच हें बेट. आमचे हात अगदीं स्वच्छ होते असेंही नव्हे. हिंदुस्थानांत ह्या खवल्यांचें सोनेरी नक्षीचें चिलखत बनविलें गेलें व तें १८२० सालीं इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजासाठीं नजराणा म्हणून गेलें. अर्थात् एक चिलखत आणि वर्षाकांठीं साठ हजार कातडीं ह्यांची तुलना कोणी करूं नये.

पूर्वेकडील रानें रिकामीं होऊं लागलीं तसा व्यापार पश्चिमेकडे वळला. १९७५ पासून अमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराखालीं २००० सालीं आशियाई जातींचा व्यापार बंद ठरविण्यांत आला. मग मागणी आफ्रिकेवर पडली. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत आठही जातींस कराराच्या पहिल्या परिशिष्टांत घातलें, आणि २०१७ च्या जानेवारीपासून तें अमलांत आलें. तरी २०१९ च्या एका एप्रिल महिन्यांत सिंगापूर बंदरांत नायजेरियाहून व्हिएटनामकडे चाललेले १२.९ व १२.७ टनांचे दोन साठे पकडले गेले. तेथील सरकारच्या अंदाजानें ते मिळून सुमारें ३८,००० प्राण्यांचे खवले होते. चीननें २०२० च्या जूनमध्यें ह्या प्राण्यास पहिल्या वर्गाचें संरक्षण दिलें व त्याचे खवले अधिकृत औषधिकोशांतून वगळले. हा निर्णय वीस वर्षें आधीं झाला असता तर ह्या लेखाचा उत्तरार्ध निराळा झाला असता.

ह्या कोठारांतून शास्त्राचा एक विलक्षण अध्याय निघाला. पकडलेल्या खवल्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करीत असतां कांहीं खवले आठांपैकीं कोणत्याच जातीशीं जुळेनात. २०२३ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं ही नववी जात होय असें जाहीर करून तिला 'मॅनिस मिस्टीरिया', म्हणजे गूढ मॅनिस, असें नांव सुचविलें. तिचा मुलूख कोणता, हें खवल्यांवरून कळण्यास मार्ग नव्हता. पुढें २०२५ सालीं आमच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं अरुणाचल प्रदेशांतील नमुन्यांवरून हिंद-ब्रह्मी जात म्हणून एक निराळी जात मांडली. चिनी जातीपासून ती सुमारें चौतीस लक्ष वर्षांपूर्वीं वेगळी झाली असें त्यांचें म्हणणें. आतां हॉज्सनच्या नांवाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. हिमालयाच्या पूर्व भागांतील खवल्या मांजर खरोखर चिनी जातीहून निराळें ठरलें, तर दोनशें वर्षांपूर्वीं त्याच टापूंतील प्राण्यास दिलेलें 'ऑरिटा' हें नांव पुन्हां उभें राहून आपला हक्क सांगणार. पण आम्हांस नांवाच्या तंट्यापेक्षां दुसरीच गोष्ट बोंचते. एवढ्या मोठ्या, अंगावर चिलखत वागविणाऱ्या प्राण्याची एक जात विद्वानांस प्रथम भेटावी, ती चोरीच्या मालांत!

ह्याच विद्येचा उलट उपयोगही होऊं लागला आहे. आफ्रिकेंतील पांढऱ्या पोटाच्या जातीचे ठिकठिकाणचे नमुने आधीं तपासून ठेवले, आणि मग पकडलेल्या खवल्यांशीं ते ताडून पाहिले, म्हणजे प्राणी कोठल्या रानांत मारला गेला तें कळतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासावरून दिसतें कीं २०१२ ते २०१८ ह्या काळांत शिकारीचा मुख्य जोर पश्चिम आफ्रिकेच्या टोंकाकडून सरकत कॅमरूनच्या दक्षिण सरहद्दीवर आला. हाही एक प्रकारचा मुलुखाचा नकाशाच. फक्त त्यावर रंग भरला आहे तो मेलेल्या प्राण्यांनीं.

जिवंत प्राण्यांचा नकाशा भरणें ह्याहून कष्टाचें आहे. रात्रीं हिंडणारा, एकटा राहणारा, बिळाचें तोंड बुजवून बसणारा प्राणी. तो दिसला नाहीं म्हणजे तेथें नाहीं असें म्हणतां येत नाहीं, आणि शंभर वर्षांपूर्वीं दिसला होता म्हणून आज आहे असेंही म्हणतां येत नाहीं. जागतिक संघाच्या यादींत चिनी, सुंदा व फिलिपाईन ह्या तीन जाती अतिसंकटग्रस्त व आमची जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. तरी पुस्तकांतील नकाशांवर त्यांचे रंग अजून पूर्वींसारखेच सलग पसरलेले दिसतात. अशा सलग रंगावर विश्वास ठेवून कोणी स्वस्थ बसूं नये, एवढेंच आमचें सांगणें. नकाशा उलट दिशेनें भरल्याचीं उदाहरणेंही आहेत. तैवानांत १९८९ च्या कायद्यानंतर हा प्राणी पुन्हां सावरला. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतांतून टेमिंकची जात कित्येक दशकांपूर्वीं नाहींशी झाली होती; तेथील फिंडा अभयारण्यांत २०१९ पासून चोरट्यांच्या हातून सोडविलेले प्राणी आणून सोडण्यांत येत आहेत. पहिले कांहीं दिवस माणसें त्यांच्याबरोबर चालतात, ते वारुळें हुडकून खातात कीं नाहीं तें पाहतात, आणि मग त्यांस मोकळें सोडतात. इलियट ह्यांच्या मादीनें जें पेटींत नाकारलें, तें हे प्राणी रानांत आपण होऊन शोधतात.

आमच्या कोकणांतही असा एक उद्योग चालू झालेला आहे. चिपळूणची सह्याद्रि निसर्गमित्र ही संस्था रत्नागिरी जिल्ह्यांत खवल्या मांजराच्या रक्षणाचें काम करते, आणि त्याच तालुक्यांतील डुगवे गांवीं २०२० सालीं गांवकऱ्यांनीं 'खवलोत्सव' करून ह्या प्राण्याची प्रतिमा पालखींत मिरविली. शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी नाचविणाऱ्या प्रांतांत हा मान लहान नव्हे. बिळें कोठें आहेत, कोणत्या वारुळावर ताज्या नख्यांच्या खुणा आहेत, हें ज्यांस ठाऊक तीं माणसें तेथलींच. त्यांतल्या कित्येकांच्या वाडवडिलांनीं ह्याच खुणांवरून हा प्राणी खणून काढला असेल. तीच विद्या आतां त्याच्या राखणीस लागत आहे, आणि सह्याद्रीच्या त्या उतारापुरता तरी नकाशा गांवकऱ्यांच्या सांगण्यावरून, बिळामागून बीळ, भरला जाईल.